गड्डा मोहल्ल्यातली शुद्ध भाषा

आमच्या वस्तीचं नाव गड्डा मोहल्ला. आता तसं म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, म्हणून मी मुद्दाम तसंच म्हणते. चंद्रपूर शहराच्या या टोकाला कधीकाळी विटांसाठी माती खणली गेली, मोठा खड्डा पडला, आणि ज्यांना शहरात दुसरीकडे कोणी उभं करत नव्हतं ते त्या खड्ड्याच्या काठावर येऊन राहिले. कोळशाच्या खाणीतले मजूर, ऊर्जानगरच्या वीज केंद्रात रोजंदारीवर राख उपसायला जाणारे, नागभीडकडून धानाची रोवणी सोडून आलेले, जिवतीच्या डोंगरातून उतरलेली दोन-चार घरं. माझ्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि नंतर गावात पाणी भरण्यावरून रोजची कटकट नको म्हणून ते इथे आले. पुढे कुण्या नगरसेवकानं वस्तीला शांतीनगर नाव दिलं. त्या नावानं कोणी हाक मारली नाही, पण रेशनकार्डावर ते आलं.

आता कोपऱ्यावर स्टीलची पाटी आहे. त्यावर लिहिलंय, ‘ग्रीन व्हॅली रेसिडेन्सी’. पाटी लावली त्या दिवशी मी तिथल्या एका सुटाबुटातल्या माणसाला विचारलं की व्हॅली म्हणजे काय. तो म्हणाला, दरी. म्हटलं, म्हणजे गड्डाच ना? त्याला ते आवडलं नाही. तेव्हापासून तो मला पाहिलं की मोबाइल कानाला लावतो.

ही माणसं एकदम आली नाहीत. आधी कोळशाचे ट्रक चालवणारे मालक आले, मग वीज केंद्रातून निवृत्त झालेले साहेब, मग डॉक्टर, मग क्लासवाले. प्रत्येकानं दोन-दोन, तीन-तीन घरं विकत घेतली, पाडली आणि जागा एक केली. पुढे पांढरे खांब उभे केले. आमच्याकडे हवेतून कोळशाची भुकटी पडते हे इथल्या तान्ह्या पोरालाही माहीत आहे, तरी यांचे खांब पांढरेच. दर आठवड्याला नळी लावून ते धुतात. गेटवर सिमेंटचे वाघ बसवलेत, दोन्ही बाजूंना एकेक, आणि दिवाळीत त्या वाघांच्या गळ्यात दिव्यांच्या माळा घालतात. ज्यांच्या मामाच्या गावात खरा वाघ गाय उचलून नेतो त्यांनी हे करावं याचं मला हसू येतं.

आणि माझा राग नेमका इथेच आहे. ही माणसं पुण्या-मुंबईची असती तर मी त्यांना माफ केलं असतं. त्यांना काय कळणार, म्हणून सोडून दिलं असतं. पण ही सगळी इथलीच. कोणी मूलचं, कोणी सिंदेवाहीचं, कोणी आरमोरीच्या पुढच्या खेड्यातलं. यांच्या बापांनी धानाच्या बांधीत चिखल तुडवलाय. पण गेटच्या आत गेले की यांची जीभ बदलते. ‘मले’ चं ‘मला’ होतं, ‘काऊन’ चं ‘का बरं’ होतं, आणि शेजारच्या बाईनं ‘कुठी चालले?’ असं विचारलं की यांना अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

भाषेबद्दल मी बोलू शकते, कारण माझी सगळी नोकरी भाषेवर झाली. मी बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत होते. गाड्यांची सूचना मीच देत असे. माईकवर मी अशी शुद्ध बोलत असे की एकदा कुण्या साहेबानं मला विचारलं, तुम्ही सदाशिव पेठेतल्या का? माईक बंद केला की खिडकीशी आलेल्या माणसाला मी म्हणे, ‘काऊन भाऊ, गडचिरोलीची गाडी पायजे का? लागूनच राह्यली.’ दोन्ही माझ्याच तोंडात होतं आणि एकाची दुसऱ्याला अडचण नव्हती. त्यामुळे शुद्ध बोलणाऱ्याचं मला कौतुक नाही. ते काम आहे, शिकता येतं, आणि खिडकी बंद झाली की खुंटीला टांगून घरी जाता येतं.

आता त्या बाईबद्दल सांगते, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

ती आमच्या समोरच राहायची. नवरा खाणीत होता, लवकर गेला. तिनं धुणीभांडी करून मुलगा शिकवला. मुलाला नागपूरला नोकरी लागली, त्यानं तिथे फ्लॅट पाहिला आणि इथलं आईचं घर विकलं. आईला म्हणाला, तू आता आमच्याकडेच राहा. ती गेली आणि पावसाळा संपायच्या आत परत आली. का आली ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सुनेला मी एकदा पाहिलंय, विचारायची गरज नव्हती. माझ्या घरामागे एक खोली रिकामी होती, तिथे ती राहू लागली. त्या मुलाबद्दल मला जे वाटतं ते लिहिण्यासारखं नाही.

तिच्या जागेवर दातांच्या डॉक्टरांनी बंगला बांधला. नवरा-बायको दोघंही दातांचे डॉक्टर. त्यांना मुलगी झाली आणि दोन महिन्यांची झाल्यावर बाईला दवाखान्यात परत जायचं होतं. लेकरू सांभाळायला कोणी विश्वासाचं हवं होतं. समोर म्हातारी मोकळीच होती. अशा रीतीनं ती आपल्याच जागेवर पगारी बाई म्हणून गेली. पूर्वी आमच्या मोहल्ल्यात बायका एकमेकींची लेकरं सांभाळायच्या, त्याला कोणी काम म्हणत नसे. आता त्याच बायका समोरच्या घरांत जाऊन तेच करतात आणि गेटवरच्या वहीत सही करतात. मला हे बघून चीड यायची. तिला यायची नाही. ती म्हणे, ‘ताई, जागा कोनाची का असे ना, लेकरू त गोड हाय.’

लेकरू खरंच गोड होतं. मोठे डोळे, कपाळावर उलटी फिरलेली बट. त्या पोरीला बोलायला म्हातारीनंच शिकवलं. आईबाप सकाळी जात आणि रात्री जेवणाच्या वेळेला येत, तेव्हा दुसरं शिकवणार कोण? पोरगी दुपारी म्हातारीचं बोट धरून आमच्या अंगणात यायची आणि मला म्हणायची, ‘मावशी, मले पानी दे ना.’ तेवढ्या एका वाक्यासाठी मी दुपारची झोप सोडून बसत असे.

पोरगी साडेतीन वर्षांची झाली आणि शाळेचा विषय निघाला. शहराबाहेर एक नवी इंग्रजी शाळा झाली होती, तिथे मुलांची आणि आईबापांची मुलाखत घेतात. सगळ्या रेसिडेन्सीची मुलं तिथेच. मुलाखतीच्या आधी महिनाभर डॉक्टरीणबाईंनी घरात फक्त इंग्रजी बोलायचं असा नियम केला. घरात होतं कोण, तर म्हातारी. तिनं काय करावं? ती गप्प राहू लागली आणि पोरगी चिडचिड करू लागली, म्हणून दोन दिवसांत नियम मोडला.

मुलाखतीत काय झालं ते मला पोरीच्या बापानं येऊन सांगितलं. संध्याकाळी तो माझ्या दारात उभा राहिला. तो माणूस असा आहे की काहीही झालं तरी दात काढतो. धंद्यानं काढतो तेही आणि हसून काढतो तेही.

शाळेतल्या मुख्य मॅडम बाहेरच्या, पुण्याकडच्या. आपल्या जिल्ह्यात जंगल आहे याचं त्यांना फार अप्रूप. भिंतीवर प्राण्यांची चित्रं लावलेली. त्यांनी पोरीला एक चित्र दाखवलं आणि कौतुकानं विचारलं, हा कोण? पोरगी दुसरीकडेच बघत होती. मॅडमनी इंग्रजी सोडून मराठीत मदत केली, ‘हा सांबर. सांबर माहीत आहे ना तुला?’

आता हे फक्त आमच्याकडेच होऊ शकतं. आमच्या मुलखात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या म्हणतात. बाजारात बायका ‘सांबार घ्या, ताजा सांबार’ असंच ओरडतात. पोरीनं चित्राकडे पाहिलंच नाही, तिला ओळखीचा शब्द ऐकू आला. ती खूश होऊन म्हणाली, ‘सांबार! आजी आनते. आजी चिरते, मंग भाजीत टाकते. मले लय आवडते.’

मॅडम पांढऱ्या पडल्या. संरक्षित प्राणी, आणि घरी चिरून भाजीत टाकतात! त्यांनी पोरीला पुन्हा विचारलं, ‘रोज?’ पोरगी म्हणाली, ‘रोज. कालपन टाकला.’

हे सांगताना तो माणूस हसत होता. मीही हसले, खोटं कशाला बोलू. मग मी विचारलं, ‘मग तुम्ही सांगितलं ना मॅडमना, की सांबार म्हणजे कोथिंबीर?’

त्यानं हसणं थांबवलं आणि चपलेचा पट्टा नीट केला. म्हणाला, ‘त्या वेळी ते… म्हणजे मिसेसनं सांभाळून घेतलं.’

मी खोदून विचारलं तेव्हा कळलं, मिसेसनं सांभाळून घेतलं ते असं. ती म्हणाली की आमच्याकडे मुलीला सांभाळायला एक बाई आहे, जंगलाकडच्या गावातली आहे, ती काय खाते आणि मुलीला काय सांगते आम्हाला माहीत नाही, आम्ही तिला काढणारच आहोत.

ही डॉक्टरीणबाई काय चीज आहे हे मी चांगलं ओळखते. ती आरमोरीच्या पुढच्या गावची. तिची आई दोनदा इथे येऊन गेली. मी स्वतः ऐकलंय त्या आईला भाजीवालीशी भांडताना, ‘एवढासा सांबार अन् एवढे पैसे?’ त्या मॅडमला फक्त एवढं सांगायचं होतं की आमच्याकडे कोथिंबिरीला असं म्हणतात. एका वाक्याचं काम होतं. मॅडम हसल्या असत्या, चार जणींना सांगितलं असतं, झालं. पण ‘आमच्याकडे’ म्हणायचं म्हणजे ते आपलंच असं कबूल करायचं. तिला ते जमलं नाही. त्यापेक्षा एका म्हातारीवर हरणाची शिकार ढकलणं तिला सोपं वाटलं. मला त्या क्षणी तिची एवढी किळस आली की तिच्या नवऱ्याला मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

तो आला होता त्याचं कारण वेगळंच होतं. ‘ती तुमच्याकडे राहते ना,’ तो म्हणाला, ‘तर तुम्हीच जरा सांगा, उद्यापासून येऊ नको म्हणून. आम्ही सांगितलं तर बरं दिसणार नाही.’

म्हटलं, ‘ते काम तुमचं. दात तुम्ही काढता, तर रक्तही तुम्हीच पुसा.’

तो निघून गेला. पोरीची ॲडमिशन मात्र झाली. होणारच होती, तिथे कोणाची होत नाही?

दुसऱ्या दिवशी म्हातारी नेहमीसारखी सकाळी गेली आणि थोड्या वेळानं परत आली. डॉक्टरीणबाईंनी गेटवरच बोलून पाठवलं होतं. हरणाचं नाव काढलं नाही, तेवढी लाज शिल्लक असावी. त्या म्हणाल्या, बेबीची भाषा बिघडतेय, शाळेत अडचण येईल, तुमची भाषा सुधारली तर मग पाहू. माणसाला घालवताना तोंडाला येईल ते बोलतात, तसलं ते वाक्य होतं. बोलून झाल्यावर ती बाई ते विसरलीसुद्धा असेल.

म्हातारी विसरली नाही. ती दिवसभर खोलीत बसून राहिली आणि संध्याकाळी माझ्याकडे आली. म्हणाली, ‘ताई, तुम्ही त माइकवर बोलत व्हते. मले शिकवा ना तसं.’

मी म्हटलं, ‘कशाला बाई? ते तिनं असंच म्हटलं. ती काही पोरगी परत देणार नाही तुम्हाला.’

‘तिनंच म्हटलं ना, भाषा सुधरली त पाहू म्हून. खोटं कायले बोलन? शिकलेली बाई हाय.’

माझ्या मनात आलं की त्या शिकलेल्या बाईच्या दारात जाऊन ओरडावं, सगळ्या रेसिडेन्सीला ऐकू जाईल असं. पण त्यानं हिला लेकरू मिळालं नसतं. आणि तिला दुसरं काही नको होतं. पोरीला सांभाळायला त्यांनी एजन्सीतून एक मुलगी आणली होती, हिंदी बोलणारी, कानात कायम मोबाइलची बोंडं घातलेली. पोरगी दुपारी गच्चीच्या जाळीशी येऊन आमच्या अंगणाकडे बघत उभी राहायची. म्हातारी खाली उभी राहून हात हलवायची, हाक मारायची नाही. हाक मारली की आपली भाषा ऐकू जाईल, अशी तिला भीती.

म्हणून मी शिकवलं. रोज संध्याकाळी, चहा झाल्यावर. मला माझ्या नोकरीचा त्या दिवसांत जितका राग आला तितका कधी आला नव्हता. ‘मले नाही, मला. तुले नाही, तुला. काऊन नाही, का.’ ती एकेक शब्द घोळवून म्हणायची. तिला ‘ण’ जमेना, पाण्याचं पानीच व्हायचं. ‘ळ’ तर तिच्या तोंडात शिरला की ‘र’ होऊन बाहेर पडायचा, डोळ्याचा डोरा. ‘बाळ’ हा शब्द तिनं किती वेळा म्हटला असेल देव जाणे. जीभ टाळूला लावून बसायची. एकदा मी वैतागून म्हटलं, ‘जाऊ द्या ना बाई, कोण ऐकतंय!’ ती म्हणाली, ‘ते बाई ऐकंल ना.’

मोहल्ल्यातल्या उरलेल्या बायका आधी हसल्या. मग एकदोघी येऊन बसायला लागल्या. त्यांनाही समोरच्या घरांत कामं होती आणि त्यांनाही कोणी ना कोणी बोलीवरून नाक मुरडून दाखवलं होतं. ज्या मोहल्ल्यानं शांतीनगर म्हणायला नकार दिला होता, त्याच मोहल्ल्याच्या बायका माझ्या ओट्यावर बसून ‘कोथिंबीर, कोथिंबीर’ असं घोकत होत्या. मला हसावं की रडावं कळेना. शेवटी मी हसायचंही सोडलं.

आणि म्हातारी शिकली. पूर्ण शिकली. दिवाळीनंतरच्या एका रविवारी, डॉक्टर मंडळी घरी असतील असं पाहून, ती धुतलेलं पातळ नेसून तयार झाली. पिशवीत पेरू घेतले. मला म्हणाली, तुम्ही संगं चला, कुठी चुकलं त खूण करा. मी गेले. वाघांच्या मधून आम्ही आत शिरलो आणि तिनं बेल वाजवली.

दार डॉक्टरीणबाईंनीच उघडलं. त्यांच्या मागे पोरगी. मला पाहून पोरीच्या चेहऱ्यावर ओळख आली, मग तिनं म्हातारीकडे पाहिलं आणि ती पुढे धावली. तेवढ्यात म्हातारीनं बोलायला सुरुवात केली.

‘नमस्कार,’ ती म्हणाली. ‘मला बाळाला भेटायचं होतं. बाळ, तू कशी आहेस? मी तुझ्यासाठी पेरू आणले आहेत. तुला पेरू आवडतात ना?’

पोरगी जागीच थांबली. तिनं म्हातारीच्या तोंडाकडे पाहिलं, मग पातळाकडे, मग परत तोंडाकडे. जणू कोणीतरी आजीचा चेहरा लावून आलंय. म्हातारी आणखी एक वाक्य बोलली, आणखी नीट, ‘ळ’ तर असा स्पष्ट की माझ्याही तोंडातून तसा निघाला नसता. पोरगी मागे सरकली आणि आईच्या पायांत शिरली.

‘मम्मा,’ ती म्हणाली, ‘हे माही आजी नाई.’

मी म्हातारीचा पदर ओढला. हळूच म्हटलं, ‘आपलं बोला ना बाई, एक शब्द बोला.’ एका शब्दात पोरगी तिच्या गळ्यात पडली असती. म्हातारीनं मान हलवली. समोर ती बाई उभी होती, ऐकत होती. तिच्या समोर चुकायचं नाही असं ठरवूनच ती आली होती. तिनं पेरूची पिशवी पुढे केली आणि म्हणाली, ‘घ्या ना, ताजे आहेत.’

डॉक्टरीणबाईंनी पिशवी घेतली. त्या हसून मला म्हणाल्या, ‘बघा ना, मुलं किती लवकर विसरतात.’ भाषा सुधारण्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. भाषा सुधारलीय हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. दार लावताना त्या पोरीला दटावत होत्या, ‘माही नाही बेटा, माझी. माझी आजी नाही, असं म्हण.’

आम्ही परत निघालो. रस्ता ओलांडताना म्हातारीनं मला विचारलं, ‘ताई, चुकलं का कुठी?’

‘नाही बाई,’ मी म्हटलं. ‘एकही चूक झाली नाही.’

ती ओट्यापाशी येऊन थांबली. मग म्हणाली, ‘काईतरी कमी पडलं असंल. उद्यापासून आनखी शिकवा मले.’ आणि लगेच जीभ चावून तिनं दुरुस्त केलं, ‘मला.’